‘बॉब’चा रोबेर्तो होताना : पिट्सबर्ग आणि 21 नंबर

एप्रिल 2025. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा मोसमातला पहिला सामना. प्रेक्षकांनी उजवीकडच्या भिंतीकडे पाहिलं, तर तिथला 21 हा आकडा गायब होता आणि त्या जागी एका मद्यपेयाची जाहिरात लागली होती. शहर खवळलं. ज्याचा तो आकडा, त्याच्या मुलानंही जाहीरपणे नाराजी सांगितली. संघाच्या अध्यक्षांना चूक कबूल करून माफी मागावी लागली आणि आकडा परत जागेवर आला.

21 हा ज्याच्या पाठीवरचा नंबर, त्या रोबेर्तो क्लेमेंते या खेळाडूला जाऊन तेव्हा 52 वर्षं झाली होती. त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेली पिढी आता सत्तरीत-ऐंशीत आहे. तरी एका आकड्यासाठी गावच्या गाव पेटून उठतं, यामागे काय आहे ते सांगण्यासाठी हे टिपण.

पिट्सबर्गमध्ये त्याच्या नावाचा पूल आहे, पुतळा आहे, संग्रहालय आहे. नव्या मैदानाची एक भिंत त्याच्यासाठी मापून बांधली आहे. पण ज्या शहरानं हे सगळं केलं, तिथली वर्तमानपत्रं तो हयात असताना बरीच वर्षं त्याला त्याच्या नावानंही हाक मारत नव्हती. माझ्या मते या स्मारकांची खरी पार्श्वभूमी तीच आहे. या शहराचं क्लेमेंतेवर प्रेम आहे यात शंका नाही. पण त्या प्रेमात उशिरा उमगलेल्या ऋणाची टोचणीही आहे.

क्लेमेंतेचा जन्म 18 ऑगस्ट 1934 चा, कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावरच्या कारोलिना गावातला. सात भावंडांत तो शेंडेफळ. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यात मुकादम होते. शाळेत असताना तो भालाफेक करायचा. त्याच्या ज्या खांद्यानं पुढे अमेरिकेला तोंडात बोट घालायला लावलं, तो बहुधा इथेच घडला. हिवाळ्यात अमेरिकेतले कृष्णवर्णीय खेळाडू प्वेर्तो रिकोच्या लीगमध्ये खेळायला येत. त्यांतला मॉन्टी अर्विन हा या पोराचा देव. त्याची बॅग उचलून आत नेण्यात त्याला धन्य वाटे. 1952 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो सांतुर्से संघाकडून स्वतःच खेळू लागला.

फेब्रुवारी 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी 10 हजार डॉलर बोनस देऊन त्याला करारबद्ध केलं आणि माँट्रियलच्या दुय्यम संघात ठेवलं. तेव्हाचा नियम असा की, 4 हजारांहून जास्त बोनस दिलेला नवा खेळाडू मुख्य संघात घेतला नाही, तर मोसमानंतर दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. डॉजर्सनी त्याला फारसं खेळवलं नाही. पण पिट्सबर्गचा पारखी क्लाइड सुकफोर्थ माँट्रियलला दुसऱ्याच एका खेळाडूला पाहायला गेला होता, आणि त्याची नजर सरावात चेंडू फेकणाऱ्या या मुलावर खिळली. 22 नोव्हेंबर 1954 रोजी पायरेट्सनी क्लेमेंतेला 4 हजार डॉलरमध्ये उचललं. पायरेट्सचा कारभार तेव्हा ब्रँच रिकी पाहत होता. जॅकी रॉबिन्सनला आणून बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पाडणारा, तोच हा रिकी.

पिट्सबर्ग म्हणजे तेव्हा पोलादाच्या भट्ट्या, कोळशाचा धूर आणि पोटासाठी युरोपातून आलेल्या कामगारांच्या वस्त्या. संघ ओळीनं तीन वर्षं तळाला होता, आणि क्लेमेंतेच्या पहिल्या मोसमातही तळालाच राहिला. गावात स्पॅनिश बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्यामुळे हा वीस वर्षांचा मुलगा दोन्हीकडून परका ठरला. गोऱ्यांच्या दृष्टीनं तो काळा होता आणि काळ्यांना त्याची भाषा कळत नव्हती. तरी आसरा दिला तो काळ्यांच्याच वस्तीनं. शेन्ली हाइट्समधल्या एका जोडप्यानं त्याला घरात ठेवून घेतलं आणि पोटच्या पोरासारखं वागवलं.

सरावाच्या शिबिरासाठी संघ फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला जायचा. तिथे वर्णभेद कायद्यानंच होता. गोरे खेळाडू हॉटेलात उतरत, कृष्णवर्णीय खेळाडूंची सोय गावाच्या दुसऱ्या टोकाला काळ्यांच्या वस्तीत. प्रवासात बस थांबली की गोरे खाणावळीत जाऊन जेवत. बाकीच्यांनी बसमध्येच बसून कुणी काही आणून देईल त्याची वाट पाहायची. प्वेर्तो रिकोतही रंगावरून मनात धरणारी माणसं होती, पण हे असलं त्यानं तिथे पाहिलं नव्हतं. तो ते गिळून गप्प बसला नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी वेगळ्या गाड्यांची सोय करा म्हणून तो संघाच्या मागे लागला आणि ती करून घेतली.

आता नावाविषयी. वार्ताहर, समालोचक, त्याच्या चित्राची कार्डं छापणारी कंपनी, सगळ्यांनी त्याचा ‘बॉब’ करून टाकला. माझं नाव रोबेर्तो, असं तो परत परत सांगत राहिला. शिवाय त्याचं इंग्रजी त्याच्या उच्चारांसकट, मुद्दाम मोडकं करून छापायची वार्ताहरांना खोड होती. त्याच्या मोठ्या फटक्यांच्या दिवशीही वाचकाला हसू यावं अशा स्पेलिंगांत त्याचे उद्गार छापून येत. स्वतः वार्ताहरांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, हे सोडा. 1954 च्या अखेरीस एका मोटार अपघातात त्याच्या पाठीला कायमची इजा झाली होती. तो पाठीचं दुखणं सांगे तर तो कुरकुऱ्या, आजारांचं सोंग करणारा, असं लिहिलं जाई. आणि तोच माणूस साठच्या दशकात बहुतेक वर्षं दीडशेच्या घरात सामने खेळत होता.

पाठीवरचा नंबर मात्र त्याचा स्वतःचा होता. सुरुवातीला 13 होता. मग त्यानं 21 मागून घेतला. स्पॅनिश रीतीप्रमाणे वडिलांचं आडनाव आणि त्यामागे आईचं, असं त्याचं पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेंते वॉकर. रोमन लिपीत ते लिहिलं की अक्षरं भरतात बरोबर 21. ज्याला लोक ‘बॉब’ म्हणत होते, तो आपलं अख्खं नाव, आईच्या नावासकट, पाठीवर वागवत होता.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला त्याचा खेळ कसा सांगावा? राइट फील्डर म्हणजे मैदानाच्या उजव्या टोकाला, सीमारेषेजवळ उभा राहणारा क्षेत्ररक्षक. डीप मिडविकेटवरून फेकलेला चेंडू टप्पा न खाता थेट यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये यावा आणि दुसऱ्या धावेचा विचारच फलंदाजाच्या मनातून निघून जावा, तशी त्याची फेक. सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्यानं 1961 ते 1972 अशी सलग 12 वर्षं जिंकला. फलंदाजीचं म्हणाल, तर या खेळात दहा प्रयत्नांत तीन यशस्वी फटके मारणारा उत्तम गणला जातो. क्लेमेंतेची कारकिर्दीची सरासरी 0.317 होती, आणि अमेरिकेतल्या सर्वोच्च दर्जाच्या मेजर लीगच्या दोन गटांपैकी पायरेट्स ज्यात होते त्या नॅशनल लीगमधली सर्वोच्च सरासरी त्यानं चार मोसमांत राखली. धावायचा तर असा की टोपी उडून मागे पडायची. समालोचक बॉब प्रिन्सनं त्याच्यासाठी ‘अरिबा!’ ही स्पॅनिश आरोळी उचलली आणि पोलादाच्या कारखान्यांतले पोलिश नि आयरिश वंशाचे कामगार मैदानात तीच ठोकू लागले.

1960 मध्ये पायरेट्सनी न्यूयॉर्क यँकीजला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. 13 ऑक्टोबरचा तो दिवस पिट्सबर्गमध्ये आजही सण म्हणून पाळला जातो. संघाचं जुनं मैदान फोर्ब्स फील्ड 1970 मध्ये बंद होऊन पुढे पाडलं गेलं, पण बाहेरच्या भिंतीचा एक तुकडा उरला आहे. दरवर्षी त्या तारखेला लोक तिथे जमतात आणि 1960 च्या सामन्याचं रेडिओवरचं समालोचन पुन्हा लावून ऐकतात. क्लेमेंतेनं त्या मालिकेत सातही सामन्यांत यशस्वी फटके मारले होते. तरी त्या मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात त्याला आठवा क्रमांक मिळाला, आणि मतं देणारे होते तेच वार्ताहर. हा घाव त्याच्या मनातून कधी गेला नाही. सर्वोत्तम खेळाडूचा मान अखेर 1966 मध्ये मिळाला.

सामान्य प्रेक्षकांशी त्याचं नातं मात्र वेगळं जुळत गेलं. तो ज्या गावात खेळायला जाई तिथल्या इस्पितळांतल्या मुलांना भेटून येई, आणि त्याची बातमी होऊ देत नसे. एप्रिल 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांच्या अंत्यविधीआधी आम्ही मैदानात उतरणार नाही, अशी भूमिका पायरेट्सच्या खेळाडूंनी घेतली. तिच्या अग्रभागी क्लेमेंते होता. मोसमाची सुरुवात पुढे ढकलावी लागली.

शहरानं त्याला पहिली जाहीर सलामी दिली ती जुलै 1970 मध्ये. नवं थ्री रिव्हर्स स्टेडियम नुकतंच उघडलं होतं, आणि 24 तारखेची रात्र ‘रोबेर्तो क्लेमेंते रात्र’ म्हणून साजरी झाली. प्वेर्तो रिकोहून शेकडो माणसं विमानानं आली, शेतकरी घालतात तशा गवती टोप्या घालून. बेटावरच्या तीन लाखांवर लोकांच्या सह्यांचं एक भेंडोळं त्याला देण्यात आलं. जमलेला पैसा त्यानं पिट्सबर्गच्या मुलांच्या इस्पितळाला द्यायला सांगितला. बोलायला उभा राहिला आणि त्याला रडू आवरेना.

पुढच्या वर्षी, 1 सप्टेंबर 1971 ला, पायरेट्सनी जो संघ मैदानात उतरवला त्यात नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन होते. मेजर लीगमध्ये असं प्रथमच घडत होतं, आणि ते या शहराच्या संघाकडून घडलं. ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरविरुद्धची वर्ल्ड सिरीज पायरेट्सनी जिंकली. 37 वर्षांच्या क्लेमेंतेची सरासरी होती 0.414, आणि मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच. विजयानंतर देशभर दिसणाऱ्या टीव्हीवर मुलाखतकारानं माइक पुढे केला, तेव्हा इंग्रजी उत्तराआधी तो आपल्या भाषेत बोलला. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी त्यानं स्पॅनिशमध्ये आपल्या मुलांना आशीर्वाद दिला आणि आईवडिलांचा आशीर्वाद मागितला. ज्याच्या इंग्रजीची सोळा वर्षं टर उडवली गेली, त्याची भाषा त्या दिवशी अख्ख्या अमेरिकेला ऐकून घ्यावी लागली. लॅटिन अमेरिकेत ज्यांनी ते ऐकलं त्यांना त्या दोन-तीन वाक्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

30 सप्टेंबर 1972 ला त्यानं तीन हजारावा फटका मारला. तोवर केवळ दहा खेळाडू त्या आकड्यापर्यंत पोचले होते. त्या दुपारी स्टेडियममध्ये प्रेक्षक होते जेमतेम 13 हजार. निम्म्याहून कितीतरी जास्त खुर्च्या रिकाम्या. नियमित मोसमातला तो त्याचा शेवटचा फटका ठरेल, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेसाठी प्वेर्तो रिकोचा संघ घेऊन तो निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथे राहून आला होता. तो परतल्यावर थोड्याच दिवसांत, 23 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, मानाग्वाला भूकंपानं जमीनदोस्त केलं. हजारो माणसं गेली. ज्या गल्ल्यांत तो महिनाभर हिंडला होता, तिथली सगळी ओळखीची माणसं. (त्याच 23 तारखेला पिट्सबर्ग वेगळ्याच आनंदात होतं. शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या फ्रँको हॅरिसनं शेवटच्या क्षणी जमिनीला टेकता टेकता चेंडू उचलून सामना जिंकून दिला होता. त्या शहराच्या आठवणीत हा आठवडा असा दोन टोकांचा आहे.)

क्लेमेंतेनं प्वेर्तो रिकोची राजधानी सान ह्वानच्या हिराम बिथॉर्न स्टेडियममध्ये मदतीचं केंद्र उघडलं. नाताळ त्यानं तिथेच काढला. धान्य, कपडे, औषधं गोळा करत, दारोदार फिरत. पाठवलेलं सामान लोकांपर्यंत पोचत नाही, हुकूमशहा सोमोसाचे सैनिक ते मधल्यामध्ये हडप करतात, असं त्याच्या कानावर आलं. मी स्वतः बरोबर गेलो तर कुणाची हात लावायची छाती होणार नाही, असं त्यानं ठरवलं. भाड्यानं घेतलेलं डीसी-7 विमान जुनं होतं, महिन्याभरापूर्वीच अपघातात सापडलेलं, आणि ठरलेल्या वजनापेक्षा सुमारे 4 हजार पौंड जास्त माल त्यात भरला होता. 31 डिसेंबरच्या रात्री सव्वानऊच्या सुमारास ते उडालं आणि क्षणात इंजिनात बिघाड होऊन किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्रात कोसळलं. आत पाच जण होते. वैमानिकाचा देह सापडला. क्लेमेंतेचा कधीच सापडला नाही. तो 38 वर्षांचा होता. मागे पत्नी वेरा आणि तीन लहान मुलगे.

नववर्षाच्या सकाळी पिट्सबर्ग या बातमीला जागं झालं. शहरासमोरच्या माउंट वॉशिंग्टन टेकडीवरच्या विजेच्या फलकावर अक्षरं उजळली : ‘आदियोस आमिगो रोबेर्तो’, म्हणजे ‘निरोप, मित्रा रोबेर्तो’. निरोप स्पॅनिशमध्ये होता आणि नाव पूर्ण होतं. पिट्सबर्गच्या स्मारकांची यादी कुणी केली, तर मी त्या फलकापासून सुरुवात करीन, जरी तो केव्हाच विझला असला तरी.

नंतरच्या गोष्टी भराभर झाल्या. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा हॉल ऑफ फेमचा, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनाचा, नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवण्यात आला. मार्च 1973 मधल्या खास मतदानात 424 पैकी 393 मतं त्याला पडली आणि लॅटिन अमेरिकेतून हॉल ऑफ फेममध्ये जाणारा तो पहिला खेळाडू ठरला. एप्रिलमध्ये, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, पायरेट्सनी 21 नंबर कायमचा निवृत्त केला, म्हणजे संघात तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. समाजासाठी झटणाऱ्या खेळाडूला दिला जाणारा मेजर लीगचा वार्षिक पुरस्कार त्याच वर्षीपासून त्याच्या नावानं दिला जातो.

शहरातल्या दगडधातूच्या स्मारकांना मात्र वेळ लागला. पुतळा उभा राहिला जुलै 1994 मध्ये, ऑल-स्टार सामना पिट्सबर्गला होता तेव्हा, म्हणजे मृत्यूनंतर 21 वर्षांनी. शिल्पकार सुझन वॅगनर यांनी फटका मारून पळायला निघालेला क्लेमेंते घडवला आहे. बॅट हातातून सुटते आहे आणि नजर चेंडूच्या मागे गेली आहे. पायथ्याशी तीन बेस आहेत आणि त्यांत तीन मैदानांची माती ठेवली आहे : प्वेर्तो रिकोतल्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची आणि थ्री रिव्हर्सची. मला या पुतळ्यातलं हे सर्वांत आवडतं. त्यातली दोन मैदानं आता राहिलीच नाहीत, पण त्यांची माती त्याच्या पायाशी आहे.

पुलाची गोष्ट जरा तणातणीची. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस नवं मैदान बांधायचं ठरलं, तेव्हा त्याला क्लेमेंतेचं नाव द्यावं असं पिट्सबर्गच्या कितीतरी लोकांना मनापासून वाटत होतं. नावाचे हक्क पैसे मोजून घेतले ते पीएनसी या बँकेनं. लोक नाराज झाले. मग ऑगस्ट 1998 मध्ये जाहीर झालं की शहराच्या मध्यभागातून मैदानाकडे जाणाऱ्या सहाव्या रस्त्याच्या पुलाला क्लेमेंतेचं नाव मिळेल. तडजोड होती, पण फळली. अ‍ॅलेगेनी नदीवर एकाच साच्याचे तीन पिवळे पूल शेजारी शेजारी आहेत; गाव त्यांना ‘तीन बहिणी’ म्हणतं. त्यांतला हा 1928 चा. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो आणि माणसं सहकुटुंब पायी चालत मैदानाकडे जातात. कार्नेगी मेलनला किंवा पिट्सबर्ग विद्यापीठात शिकून आलेल्या मराठी मुलांच्या फोटोंत हा पिवळा पूल हमखास असतो. बहुतेकांना त्यावरचं नाव कुणाचं ते ठाऊक नसतं. बँकेच्या नावाचं मैदान त्या बँकेच्या करारापुरतं. पुलाचं नाव मात्र करारानं बदलत नाही. डागडुजीसाठी 2022 च्या सुरुवातीला बंद झालेला पूल डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा खुला झाला.

2001 मध्ये उघडलेल्या नव्या मैदानात उजवीकडची भिंत 21 फूट उंच बांधली आहे. तिथेच तो आकडा, ज्यावरून 2025 मध्ये रान पेटलं. आणि लॉरेन्सव्हिल भागातल्या एका जुन्या अग्निशमन केंद्रात त्याचं संग्रहालय आहे. एका छायाचित्रकाराच्या एकट्याच्या ध्यासातून ते वाढलं.

अजून एक मागणी शिल्लक आहे. जॅकी रॉबिन्सनचा 42 नंबर 1997 पासून मेजर लीगमधल्या कुठल्याच संघात नव्यानं कुणाला दिला जात नाही. तसंच 21 चं व्हावं, असं क्लेमेंतेचे कुटुंबीय आणि अनेक लॅटिन खेळाडू मागत आले आहेत. लीगनं ते अजून केलेलं नाही. सप्टेंबरमध्ये रोबेर्तो क्लेमेंते दिन असतो, आणि 2020 मध्ये त्या दिवशी पायरेट्सचे सगळे खेळाडू पाठीवर 21 घालून उतरले होते.

या सगळ्यात एका माणसाचं नाव राहिलं. मॅनी सँगियन हा पनामाचा, पायरेट्सचा यष्टिरक्षक म्हणावा असा कॅचर आणि क्लेमेंतेचा जिवाभावाचा मित्र. अपघातानंतर सगळा संघ प्रार्थनासभेसाठी प्वेर्तो रिकोत जमला होता, तेव्हा हा तिथे नव्हता. तो पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून मित्राला शोधत होता. 1973 चा मोसम सुरू झाला तेव्हा संघानं राइट फील्डला, क्लेमेंतेच्या जागी, त्यालाच उभं केलं; त्याच मोसमात पुढे तो आपल्या जागी परत गेला. पुढे म्हातारपणी, पीएनसी पार्कमध्ये त्याच्या नावाचा भाजलेल्या मांसाचा स्टॉल होता. सामन्याच्या दिवशी पुलावरून चालत आलेली माणसं तिथे थांबत, आणि सँगियन खुर्ची टाकून बसलेला असे, सह्या देत, मुलांशी बोलत.